बाप-लेकात बोली नसते

आमच्या घरात शिव्या चालायच्या. माय चुलीपुढे बसून ओल्या लाकडांना, शेजारणीच्या कोंबड्यांना आणि बाबांच्या अख्ख्या गायन पार्टीला एका दमात शिव्या द्यायची, आणि कोणाला त्याचं काही वाटायचं नाही. एकच शब्द चालत नसे. लंगडा. मी अंगणात नुकता पळायला लागलो होतो तेव्हा तापात माझा डावा पाय गेला. 'पायावरून वारं गेलं' असं आमच्याकडे म्हणत. पोलिओ हा शब्द पुढे डॉक्टरकडून कळला. तेव्हापासून बाबांनी तो शब्द घरातून हद्दपार केला. खुर्चीचा पाय मोडला तर ती 'डुगडुगते' म्हणायचं. गल्लीतल्या पोरी आमच्या दारासमोर लंगडी खेळायच्या, पण बाबांच्या धाकानं तिला 'एकपायी' म्हणायच्या. माझी धाकटी बहीण करुणा अजूनही त्या खेळाला एकपायीच म्हणते आणि तिची नातवंडं हसतात. एकदा डोणगावच्या बाजारात एका कांदेवाल्यानं मला "सरक बे लंगड्या" म्हटलं. बाबांनी त्याची गचांडी धरली. "याचं नाव सिद्धार्थ आहे. घे नाव." त्यानं घेतलं. "मोठ्यानं घे." त्यानं बाजार वळून पाहील एवढ्या मोठ्यानं घेतलं. मग बाबांनी त्याच्याचकडून कांदे घेतले आणि वर घासाघीसही केली.

बाबा दिवसा गवंडीकाम करायचे आणि संध्याकाळी ते गायक असायचे. भीमगीतांची त्यांची गायन पार्टी होती आणि मेहकर तालुक्यात त्यांना सगळे मास्तर म्हणत, शाळेत जेमतेम चौथीपर्यंत गेलेले असूनही. त्यांच्यासारखा जागच्या जागी शब्द जुळवणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. विटेवर वीट ठेवता ठेवता ते ओळीवर ओळ ठेवत आणि घरी येईपर्यंत गाणं उभं राहिलेलं असे. मग आमच्या एकाच खोलीत ढोलकीवाले पुंजाजीकाका येत, बेंजोवाला येई, कोरसची दोन पोरं येत, आणि माय कढी आणि वाफवलेल्या डाळीच्या फुणक्यांचं पातेलं मधोमध आणून ठेवी. फुणके खाताना कोणी बोलत नसे, पण बाबांची बोटं भांड्याच्या काठावर ठेका धरून असत. मला त्या घराची आठवण येते तेव्हा आधी आवाज येतो, मग कढीचा वास, आणि माणसांचे चेहरे सगळ्यात शेवटी.

माझ्यासाठी त्यांचा एक नेम होता. हातपाय धुतले की ते तिळाचं तेल वाटीत कोमट करत, माझा बारका पाय मांडीवर घेत आणि चोळत बसत. सिमेंटनं त्यांचे तळवे खरबरीत झाले होते, ते घासायचे, पण मी कधी पाय ओढला नाही. चोळता चोळता ते मला सूर शिकवत. पायात आधाराचा लोखंडी कॅलिपर येईपर्यंत शाळेत मला त्यांनीच खांद्यावरून नेलं, गाण्यांच्या मुकाबल्यांनाही खांद्यावरूनच. त्यांचं माझ्याबद्दल सगळं ठरलेलं होतं. हा पोरगा विटा उचलू शकणार नाही, वखर धरू शकणार नाही, पण पेटीपुढे बसू शकतो. "बसून पोट भरशीन तू," ते म्हणायचे, "राजासारखा." त्यांच्यामागून ती पार्टी माझी व्हायची होती. मला विचारलं कोणीच नव्हतं, आणि मी नाही म्हणेन असं कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

कॉलेजसाठी मी औरंगाबादला गेलो आणि तिथं वसतिगृहात डेव्हिड भेटला. जालन्याचा, चर्चमध्ये वाढलेला, जाडजूड, आळशी, आणि त्याच्याकडे एक गिटार होती. एका टेपवर तो एक इंग्रजी गाणं लावायचा, पुन्हा पुन्हा लावायचा. मला शब्द कळत नव्हते. गाणारा माणूस ओरडत नव्हता, कोणाला हाक मारत नव्हता, जिंकायची त्याला घाई नव्हती. कानाशी येऊन बोलल्यासारखा गात होता. डेव्हिड म्हणाला, याला सॉफ्ट रॉक म्हणतात. मी अर्थ विचारला. "तो म्हणतो, मी असा आहे, तू तसा आहे, तुझं तुला, माझं मला, त्यात भांडायचं काय?" मी त्या दिवशी जेवायला गेलो नाही. आमच्या घरी इतकी गाणी झाली होती, पण 'भांडायचं काय' असं विचारणारं गाणं मी ऐकलेलं नव्हतं. डेव्हिडला गिटारीपेक्षा झोप प्यारी होती, म्हणून ती मला मिळाली. कॉलेज संपलं तेव्हा त्यानं ती मला देऊनच टाकली. तोवर मी माझं एक गाणं केलं होतं:

तुझी वाट तू निवड, माझी मी निवडतो,
भेटलो कुठे तर हसू, नाहीतर हात हलवतो.
तुला पटो न पटो, मी असाच राहणार,
मला पटो न पटो, तू तुझाच असणार.

आज वाचताना हे शब्द साधे वाटतात. शब्द साधेच होते. ते म्हणताना मात्र माझ्या छातीवरचं काहीतरी उठून जायचं, आणि ते कागदावर उतरत नाही.

घरी आलो आणि दुसऱ्याच संध्याकाळी बाबांना म्हणालो, गाणं केलंय एक. "म्हण," ते म्हणाले. मी म्हटलं. मायचं भाकरी थापणं थांबलं. पुंजाजीकाकांनी ढोलकी मांडीवर ओढून घेतली होती, पण हात कुठे टाकावा हे त्यांना कळेना, ते तसेच बसले. बाबांनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

"सूर पक्का आहे," ते म्हणाले. "पण हे कोणाच्या बाजूनं आहे?"

"कोणाच्याच नाही."

"मंग कोणाच्या इरोधात?"

"कोणाच्याच नाही, बाबा."

"मंग हे गाणं नाही. लेकराले झोपवाची अंगाई आहे."

मी चिडलो. म्हणालो, प्रत्येकाला त्याच्या मनासारखं जगू द्यावं, यात वाईट काय आहे? तेव्हा ते सरळ बसले. "आपल्या बुढ्याईले कोणी वाट निवडू देली होती? गावाची वाट वायली, आपली वायली. विहीरबी येगळी. ते भांडले म्हून तू कालेजात गेला. आन आता तू म्हणतं, ज्याची त्याची मर्जी. मंग ज्यानं विहिरीवर चढू देलं नाही, त्याचीबी मर्जीच होती म्हण!" माझ्या भाचीची पोरगी पुण्याहून मला मोबाइलवर असली गाणी पाठवते, ज्यानं त्यानं आपल्या मनासारखं असावं वगैरे, आणि प्रत्येक वेळी मला बाबांची ती विहीर आठवते. पण त्या दिवशी मी एवढंच म्हणालो, "विहिरीचं नाही म्हणून राह्यलो मी. पेटीचं म्हणतो. मले तुमच्या पार्टीत बसायचं नाही."

फुणके तसेच गार झाले. बाबांनी माझ्या गिटारीकडे बोट केलं. "या लाकडाच्या डब्यावर पोट भरशीन?" मी म्हणालो, भरलं तर भरलं. त्यानंतर कितीतरी दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तेल मात्र रोज गरम होत होतं. न बोलता पाय चोळायचे आणि उठून जायचे. तो अबोला मला बोलण्यापेक्षा बरा वाटायचा, हेही खरंच आहे.

चिखलीकडे विमलबाईंची पार्टी होती. पांढरं निळ्या काठाचं लुगडं, तोंडात पान, आणि आवाज असा की मागच्या ओळीतला झोपलेला माणूस उठून बसावा. बाबांच्या बरोबरीच्या जिल्ह्यात त्या एकट्याच. एका मित्राच्या घरी बारशाला मी गाणं म्हटलं, ते त्यांनी ऐकलं. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "साखरखेर्ड्याचा मुकाबला आहे. माह्याकडून बसतं का? मधात एक थंडं गाणं लागते. लोकं चहा-पाणी करून घेतात, माह्या गळ्यालेबी दम भेटते." म्हणजे माझं गाणं चहाच्या सुट्टीसाठी हवं होतं. मी हो म्हणालो. मला दुसरं बोलावतंच कोण होतं? घरी येऊन सांगितलं, साखरखेर्ड्याला मी समोरच्या स्टेजवर बसणार आहे, आणि समोरची पार्टी तुमची आहे. माय म्हणाली, "बाप-लेक आमनेसामने बसतीन का? लोकं थुंकतीन." बाबांनी थापीवरचं सिमेंट खरवडत मान वर न करता सांगितलं, "स्टेजवर बाप-लेक नसते. दोन पार्ट्या असते. बसू दे. त्याची मर्जी."

ज्यांनी मुकाबला पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मैदानात दोन स्टेज समोरासमोर बांधतात. एका पार्टीनं गाणं म्हणायचं, दुसरीनं त्याच चालीत जवाब द्यायचा. जवाब सुचला नाही की पार्टी हरली. लोक महापुरुषांची गाणी ऐकायला येतात हे खरं, पण रंग चढतो तो या चिमट्यांनी, आणि चिमटे कुठवर काढायचे याची आधी बोली होते. कार्यक्रम ठेवणाऱ्याच्या ओसरीवर दोन्ही पार्ट्या चहाला बसतात आणि ठरवतात. आया-बहिणींवर जायचं नाही. घरातलं भांडण चव्हाट्यावर आणायचं नाही. आणि अंगावर जायचं नाही, म्हणजे कोणाच्या शरीरातल्या व्यंगावर गायचं नाही. ही बोली कागदावर नसते, पण ती मोडणाऱ्याला पुन्हा कोणी कार्यक्रमाची सुपारी देत नाही. त्या दिवशी एकेक नाव घेऊन ठरलं. विमलबाईंचा तबलजी चकणा होता, त्याचं झालं. पुंजाजीकाकांना एका कानानं ऐकू येत नसे, त्यांचं झालं. मग त्या घरमालकानं माझ्याकडे पाहून विचारलं, "आन या पोराचं?"

विमलबाई पान सावरत हसल्या. "बाप-लेकात कायची बोली हो? त्याईचंच लेकरू आहे ते."

सगळे हसले. मीही हसलो. बाबा बशीतला चहा फुंकत होते. विमलबाईंनी आपल्या प्रत्येक माणसाला कुंपण घातलं आणि मला उघडं ठेवलं, कारण बापापासून लेकाला राखायचं असतं हे त्यांच्या, माझ्या, कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

गावात रात्री वीज राहत नसे म्हणून कार्यक्रम उन्हं कलली तसाच सुरू झाला. बाया एका अंगाला ताडपत्रीवर, त्यांच्यात माय आणि करुणा. माय एरवी मुकाबल्याला येत नसे. बाबांनी पहिल्याच गाण्यात मैदान हातात घेतलं, विमलबाईंनी ते ओढून परत घेतलं, शिट्ट्या, टाळ्या, धूळ. मग विमलबाईंनी मला खूण केली आणि चहावाल्याची पोरं किटल्या घेऊन निघाली.

मी गिटार घेऊन गायला लागलो आणि चहाला कोणी उठलं नाही. किटलीवाली पोरं जिथल्या तिथं उभी राहिली. ताडपत्रीवरच्या बायांमधून एक म्हातारी म्हणाली, "गोड म्हणते पोरगं," आणि तिच्या शेजारणीनं तिला गप्प केलं. एवढी माणसं एवढी गप्प बसलेली मी पुढे कधी पाहिली नाहीत. मी गाता गाता समोर पाहिलं. बाबांनी पेटीचा भाता बंद केला होता आणि ते माझ्याकडे नाही, लोकांकडे पाहत होते. त्यांना टाळ्या मिळाल्या होत्या, शिट्ट्या मिळाल्या होत्या, लोकांनी त्यांना खांद्यावर घेऊन नाचवलं होतं. असं गप्प बसून त्यांचं कोणी ऐकलं नव्हतं. त्यांच्या मनात काय चाललं होतं हे मी अंदाजानं सांगत नाही, मला माझ्या बापाचा चेहरा वाचता येत होता. तो चेहरा हेवा करणाऱ्याचा होता.

गाणं संपलं. ते उभे राहिले. गाताना ते कधी उभे राहत नसत. "माह्या लेकाचं गाणं आयकलं," ते म्हणाले, "आता बापाचं आयका." पुंजाजीकाकांना ठेका दिला, दुप्पट लयीत. माझीच चाल होती. ती एवढी नाचरी होईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

वाट निवडाले निघाला माह्या घरचा लंगडा वीर,
बापाच्या खांद्यावर बसून म्हणे, मी खंबीर!
तुले पटो न पटो, सांगतो मी भर सभेत,
एक पाय घरात याचा, दुसरा हवेत!

कोरसनं उचललं: दुसरा हवेत, बाई, दुसरा हवेत! एक क्षण मैदानाला कळलं नाही की हसायचं का. मग बाबांनी डावा पाय उचलून स्टेजवर दोन उड्या मारल्या. त्यानंतर हसणं असं फुटलं की ताडपत्रीवरच्या बायाही डोक्यावरचा पदर तोंडाशी धरून हलायला लागल्या. वन्स मोअर आला. त्यांनी पुन्हा म्हटलं. पुन्हा उड्या मारल्या. माणसं स्टेजवर चढून त्यांच्या छातीला नोटा टाचत होती. माय उठली आणि करुणाचा हात धरून मैदानाबाहेर चालती झाली. मी बसलेलाच होतो, कॅलिपर लावलेला पाय पुढे पसरून. मला तो आत घेता येत नव्हता, कारण वाकून हातानं उचलल्याशिवाय तो हलत नाही आणि सगळे त्याच्याकडेच पाहत होते.

विमलबाई माझ्या कानाशी आल्या. "घे, जवाब दे." मी गिटार खाली ठेवली. "मंग मी देते. तुह्या बापाचं एक मले ठाऊक आहे, या तालुक्यात उभा राहू शकणार नाही तो." त्यांनी माइक ओढला. मी त्यांचा हात धरला.

"नका बाई."

"काऊन?"

"त्याईले वाटलं ते त्याईनं केलं."

नासलेल्या भाजीकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मंग असं गाणं घरी बसून म्हणत जाय. अथी लोकं भांडण आयकाले येतात." त्यांनी कसंबसं दुसरं काहीतरी म्हटलं आणि आमची पार्टी हरली. मला त्यांनी पुन्हा कधी बोलावलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आंघोळ करून, तेल गरम करून माझ्यापुढे येऊन बसले. रोजच्यासारखेच. मी दोन्ही हातांनी पाय उचलून बाजूला घेतला. "हात लावू नका."

"स्टेजवरचं स्टेजवर राह्यते, बापू," ते म्हणाले. मनात आलं की ते मला बापू म्हणत. "बोलीत नव्हतं ते."

चुलीपासून माय ओरडली, "बोली? पोटच्या पोराची बोली करा लागते काय?"

"विमलबाईनं कराची होती," बाबा म्हणाले आणि मला आजही वाटतं की ते मनापासून बोलले. त्यांनी कोणाचा शब्द मोडला नव्हता. तेलाची वाटी त्यांनी कोनाड्यात ठेवली. मायनं ते तेल पुढे वरणाला फोडणी द्यायला वापरून टाकलं.

त्या उन्हाळ्यात जवाब जिल्हाभर गेला. लग्नात वाजला, हळदीत वाजला. मेहकरच्या स्टँडवर मी बसच्या पायरीला लोंबकळलो की मागून कोणीतरी हळूच 'दुसरा हवेत' म्हणायचं. आमच्या दारासमोर पोरी पुन्हा लंगडीला लंगडी म्हणायला लागल्या. आता कोणाला भ्यायचं होतं? बाबांना इतक्या सुपाऱ्या आल्या की त्यांनी गवंडीकाम सोडलं. प्रत्येक गावात त्या गाण्याची फर्माईश व्हायची आणि प्रत्येक गावात ते म्हणायचे, उड्यांसकट. एका तरी गावात 'ते नाही म्हणत' असं त्यांना म्हणता आलं असतं. कोणीतरी तेव्हा टेप केलेलं ते अजून फिरतं, मागच्या जयंतीला बुलढाण्यात डीजेवर लागलं होतं आणि माझ्या बाजूचा तरुण पोरगा एका पायावर नाचत होता. त्याला मी कोण हे माहीत नव्हतं. माझं गाणं कोणी टेप केलं नाही. ते जगात एवढंच उरलं आहे, त्याच्या टिंगलीच्या खाली दबलेलं.

मला बुलढाण्याला कोर्टात कारकुनाची जागा मिळाली, अपंगांसाठी राखलेली. खोली घेतली. घरी मी मायसाठी जात होतो आणि बाबा असतील त्या दिवशी जात नव्हतो. गिटार होती, पण मी गात नसे. असंच चाललं असतं. मग बाबांचा आवाज बसला. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, उन्हाळ्याच्या सुपाऱ्यांचा ताण आहे. मायनं हळद-दूध दिलं, ज्येष्ठमध दिलं. मग थुंकीत रक्त आलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की गाठ आहे आणि स्वरयंत्र काढावं लागेल. काढलं तर माणूस राहील, आवाज जाईल. लवकर काढा. बाबा खुर्चीवरून उठले आणि घरी आले. नाही म्हणाले. मायचं ऐकेनात, करुणाचं ऐकेनात. शेवटी पुंजाजीकाका एवढ्या लांब बुलढाण्याला कोर्टात आले, माझ्या टेबलापुढे हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "तुह्यं आयकतीन ते. दुसऱ्या कोणाचं नाही आयकत. तू चाल."

मी पहिल्या बसनं निघालो. बसमध्ये मी दोन्ही वाक्यं मनात म्हणून पाहिली. एक होतं, 'उठा, चला अकोल्याला.' दुसरंही होतं. डोणगाव येईपर्यंत माझं ठरलेलं होतं, आणि मी निवडलेलं वाक्य मला किती आवडलं होतं हे मी इथं लपवणार नाही.

बाबा अंगणात खाटेवर बसले होते, गळ्याला मफलर, दाढी केलेली. आवाज पत्रा घासल्यासारखा येत होता. "आले का साहेब," ते म्हणाले. मी समोर बसलो. माय, करुणा, पुंजाजीकाका, सगळे भिंतीला टेकून उभे. "डाक्टर म्हणते आवाज काढून टाकू," बाबा म्हणाले. "आवाज गेल्यावर मी काय, रिकामं मडकं? नाही जात मी." एवढं बोलून ते माझ्याकडे पाहत राहिले. सगळेच माझ्याकडे पाहत राहिले.

मी मऊ आवाजात बोललो. मैदानात ज्या आवाजात गायलो होतो त्याच आवाजात. "गळा तुमचा आहे, बाबा. तुमची मर्जी."

मायनं येऊन माझ्या खांद्यावर बुक्की मारली. "अरे बोल ना काही! लेक आहेस का कोण आहेस तू?"

"ज्याची त्याची निवड असते, माय. आपण कोण?"

बाबांनी मान एकदा हलवली, जशी ते दुसऱ्याच्या चांगल्या ओळीला हलवत. मी चहा घेतला आणि दुपारची बस धरली. हा मजकूर मी कबुलीजबाब म्हणून लिहीत नाही. मी त्यांना ढकललं नाही, मारलं नाही, त्यांच्यावर हजार माणसांत गाणं म्हटलं नाही. त्यांना जे हवं होतं ते करू दिलं. पुढे किती लोकांनी मला सांगितलं, तू बापाचा मान राखला. मला त्या दिवशी बरं वाटत होतं, एवढं मात्र नोंदवून ठेवतो. बसमध्ये खिडकीपाशी बसून मला फार बरं वाटत होतं.

ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत राहिले. आवाज तसाही गेलाच, डॉक्टरांनी न काढता गेला. शेवटी मी रजा घेऊन घरी होतो. एका सकाळी माय पाण्याला गेली होती आणि मी त्यांना चमच्यानं पेज भरवत होतो. त्यांनी चमचा हातानं बाजूला केला आणि मला जवळ बोलावलं. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला. एक शब्द, मग श्वास, मग पुढचा शब्द, असं ते बोलत होते.

"तू आला होता ना, त्या दिवशी," ते म्हणाले, "पिशवी भरेल होती माही. खाटीखाली."

मी विचारलं, कशाला?

"मले वाटलं, तू म्हणशीन, उठा, चला. म्हून मी चपला घालूनच बसलो होतो."